चिमाची तपासणी

हॅलो? …हॅलो, कोण? गोदा! अगो, आबाच बोलतोय. भिकाजीच्या दुकानातून, आणखी कुठून? ऐक, आता जे सांगेन ना, त्यावर तुझाच काय, अख्ख्या मांडवीत कोणाचा विश्वास बसणार नाही…

हो, हो, नेली होती तुझ्या लेकीला. काल. तू सांगितलेल्याच डॉक्टरांकडे.

…अगो ऐक ना! काय तो माणूस! दारातून वाकून आत आला. खुर्चीत मावेना, म्हणून बाकड्यावर बसला.

…तपासलं ना. म्हणाले, पोरी, हलायचं नाही. आणि तुझी चिमा, जी एक घास खाऊन ताटाभोवती फेरी मारते, ती बसली. अशी बसली, की खांब समजून खांद्यावर कावळा येऊन बसला.

…दवाखान्यात कावळा? खिडकी उघडी होती गो.

…म्हणाले, काही झालेलं नाही. ते तुझं इंग्रजी नाव, अटेन्शनचं, ते मुंबईच्या मुलांना होतं. इथल्या खाऱ्या हवेत टिकत नाही.

…नाही, लिहून नाही दिलं. तोंडीच म्हणाले.

…शाळेत? …हो. बाईंनी परवा पुन्हा बाकाला बांधली. दोरीनं नाही गो, रिबिनीनं. तिच्याच वेणीच्या.

…गोदा? …रडू नकोस. …हो, दिवाळीनंतर वर्गात घेणार नाही म्हणतात. म्हणोत.

हॅलो? …ओ एक्स्चेंजवाल्या बाई, लाइन तोडू नका, बोलणं चाललंय! …हां गोदा. तर तिकडच्या, मुंबईच्या इस्पितळातला नंबर तू सोडून दे. रद्द कर. एकदा डोक्याच्या डॉक्टरकडे गेली म्हणून बोभाटा झाला, की संपलं. उद्या लग्नाला कोण उभं राहील? आणि तू तिला तिकडे नेलीस की मी इथं… ते जाऊ दे.

…मी कशाला खोटं सांगू? कळी उजवीकडे पडली, माझ्यासमोर टपकन…

…कळी म्हणालो? …पेन गो. डॉक्टरांचं पेन पडलं.

…हो, उजवीकडे. …आता पेन कुठंही पडेल, त्याला मी काय करू?

…चिमा, त्या पोत्यांवरून खाली उतर! …काही नाही गो, तुझी लेक. …चिमा, सोड. रिसीव्हर सोड म्हणतो ना—

“आई! आबा खोटं सांगतायत! आम्ही डॉक्टरकडे गेलोच नाही. देवळात गेलो. मला काही झालंय का, म्हणून गुरवकाकांनी देवाच्या अंगावर कळ्या चिकटवून कौल लावला. कळी उजवीकडे पडली, तर काही नाही. …पण आई, ती देवानं नाही पाडली. गाऱ्हाणं चाललं होतं, सगळ्यांचे डोळे मिटलेले. मीच फुंकर मारली. किती वेळ झाला तरी पडतच नव्हती गं… मला थांबताच येईना. आई, नंबर रद्द नको करूस.”