ज्या खटल्यात आत्या नव्हती

परवा शेजारच्या काकूंनी मला विचारलं, "पोरी, तुझी आत्या शेवटी कोणाच्या घरात गेली?" ज्या घरात तिनं डोळे मिटले, ते कोणाचं हे अजून ठरायचं आहे.

विहारात जमलेल्या सगळ्यांनो, आज तुम्ही इतके जण आलात. सुमनआत्याच्या दारात मात्र शेवटची काही वर्षं तुमच्यापैकी कोणी आलं नव्हतं. म्हणून तुमच्याकडे बघून बोलणं जड जातंय. तरी बोलते. बाबा आणि काका समोर बसले आहेत. त्यांच्यासमोरच बोलते.

इथल्या हिंदी मुलखात, रांझीतलं ते घर आत्याच्या मालकांनी बांधलं. ते फॅक्टरीत होते. ड्यूटीवरून आले की दोघं मिळून विटा रचत. मालक गेले, मूलबाळ नव्हतं. आत्यानं भंडाऱ्याहून आपले वडील आणि दोन्ही भाऊ बोलावून घेतले. "एवढ्या घरात मी एकटी काय करू?" म्हणाली. घरपट्टीवर नाव लावायची वेळ आली, तेव्हा कोणीतरी म्हणालं, बाईचं नाव काहून लावता, वडील आहेत ना! आजोबांचं नाव लागलं. आत्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आजोबा गेले आणि बाबा-काका कोर्टात गेले. काका म्हणत, वडिलांनी घर मला दिलं. बाबा म्हणत, अर्धं माझं. घर वडिलांचं होतं, यावर मात्र दोघांचं एकमत. पेशीच्या तारखेला आत्या दोघांचे डबे भरायची. दोघं एकाच बसनं जायचे, वेगवेगळ्या सीटवर बसून. मी विचारायची, "आत्या, तू काहून डबे देऊन राहिली दोघांना?"

"भांडायला ताकद लागते न बाई!"

निकाल लागला. घर आजोबांचं, दोघा भावांना अर्धं अर्धं. कोर्टाचा माणूस कब्जा द्यायला आला. "अम्मा, सामान हटाइए, कोर्ट का फ़ैसला है."

आत्या कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "भैया, मैं कौन-से केस में थी?"

मी तेव्हा घरातली पहिली पदवीधर, वकिलीच्या पहिल्या वर्षाला. तिचा तो प्रश्न मी कॉलेजात नेला. सर म्हणाले, जिला खटल्यात घेतलंच नाही, जिचं ऐकलंच नाही, तिला तो निकाल बांधत नाही. ती आपला हक्क वेगळा मांडू शकते. म्हणजे बघा, आपण तिला कुठे धरलंच नाही, म्हणूनच तिचा हक्क शाबूत राहिला होता.

आत्यानं हरकत घेतली. कब्जा थांबला. आणि भांडणारे दोन्ही भाऊ त्या दिवशी एक झाले. तिच्याशी बोलणं टाकून दोघांनी घर सोडलं. बाबांबरोबर मीही निघाले. रविवारी आणि सणावारी मी तिच्याकडे जायचे, तेवढंच. जयंतीला ती मोठं पातेलं भरून खीर करायची आणि दारात बसायची. संध्याकाळी तीच खीर माझ्यापुढे यायची. गल्लीत म्हणत, भावांवर केस ठोकली बाईनं. तिनं काय म्हटलं होतं हो? मीपण आहे, एवढंच ना?

आजारपणात मी विचारलं, "आत्या, मागे घ्यायचं का सगळं?"

"घर मी देऊन टाकीन दोघांना," ती म्हणाली. "पण माझं आहे म्हणून देईन. माझं नाहीच, तर देऊ कसं?"

त्यानंतर ती गेली. सुनावणी अजून व्हायचीच आहे.

तिनं मृत्युपत्रात घर माझ्या नावे केलं, हे तुम्हाला माहीत आहे. बाबा, काल तुम्ही म्हणालात, "आता तीच नाही, तर केस कोणाची? मिटव." मी आत्याचे कागद गोळा करत राहिले. तुम्हाला वाटलं असेल, पोरगी ऐकते आहे.

आता सगळे उभे राहू या. थोडा वेळ कोणी काही बोलू नका. तिच्या घरात असंच शांत असायचं. ती शांतता तिनं एकटीनं सोसली, आज आपण थोडी सोसू.

आत्या, जय भीम. तुझ्या जागी माझं नाव लावायचा अर्ज मी आज दुपारी कोर्टात देऊन आले आहे.