घाणेरीची मुळी

मंडळी, आधी एक विचारते. देवीची आज्ञा पाळायची म्हणजे काय करायचं – हात जोडून बसायचं, की हात कामाला लावायचे? भिंतीला टेकलेल्यांनीही ऐका. मी दुसरीपर्यंत शिकले, पण याचं उत्तर डोळ्यांनी पाहून आलेय.

कुसरवाडीला वाघजाईचं रान आहे. जुना दंडक – रानात लोखंड न्यायचं नाही. कोयता नाही, कुदळ नाही. आणि त्यात शिरली घाणेरी. वरून लाल-पिवळी फुलं, नटवी मेली. खाली गवताची काडी उगवू देईना. तिथल्या कोंडाबाईच्या दोन गाई तीच खाऊन मेल्या. नाकाची कातडी सोलली, पाणी सोडलं, गेल्या. उरली एक कालवड. दिवाळीपर्यंत रानात गवत दिसलं नाही, तर ती भावाच्या गावी धाडायची.

तिचा दीर नथू मोठा शहाणा. रानाबाहेर, स्वतःच्या बांधावर त्यानं घाणेरी कोयत्यानं सपासप कापली. महिन्यात एकेका खुंटाला सात-सात फुटवे. पुन्हा कापली, आणखी दाट झाली.

कोंडाबाई ते बघून गुरवाकडं गेली.

"मामा, देवीला लोखंड चालत नाही. हात चालतात का?"

"असं आजवर कुणी विचारलं नाही, बाई."

"मग आता विचारा."

गुरवानं देवीला फूल लावलं. उजवं पडलं, म्हणजे देवीचा होकार.

आषाढात माती भिजली. लाकडी दांडा बुडाखाली घालून बाई रेटायची, मग दोन्ही हातांनी ओढायची. झुडूप गड्ड्यासकट वर. खडकावर उलटं टाकायची, मुळ्या आभाळाकडं. पुन्हा धरायला माती नको. हातांची चाळण झाली.

नथू हसला. "वहिनी, सात जन्म लागतील."

"यातला एक तर लागू दे, भाऊजी."

दिवाळीला अंगणाएवढ्या जागेत गवत उभं राहिलं. एका कालवडीपुरतं. ती राहिली.

पण बाई थांबली नाही. दर आषाढात आणखी झुडपं उपटायची. ऐनाच्या झाडाखाली घाणेरीची बारकी रोपं दिसली. बुलबुल फळं खातात, फांदीवर बसून बी टाकतात. दर सोमवारी झाडाखाली जायची, बोटभर रोपं उपटायची. अशी तीन वर्षं.

मग मी गेले. मंडळी, चपला कधी काढल्या मला कळलं नाही. कमरेइतकं गवत, त्यात गाईची नुसती पाठ दिसत होती. ते कुणी पेरलं होतं? कुणीच नाही. एवढी वर्षं काळोखात ते मातीत जीव धरून होतं. नथू शेजारी उभा होता, हात जोडून.

देवी म्हणाली होती, लोखंड नको. आपण ऐकलं, हात नको. मूळ उपटायला सांगणारी आज्ञा आपण आळशाच्या सोयीनं पाळली. तुम्हीही मनातला मत्सर असाच वरवर कापता, आणि सणाला टिळा लावून मोकळे होता.

येताना या देवळामागं घाणेरी पाहिली मी, फुलली आहे छान. आरती झाली की सगळे तिकडं चला. ज्याच्या हातात मुळी दिसेल, त्यालाच प्रसाद देईन. पाटील, तुम्हालाही.