विशालाक्षीची बाटली

१९६२ साली मद्रासला इस्पितळासमोरच्या बसच्या रांगेत तुळसीला तंजावरी मराठी ऐकू आली. पुढे एक म्हातारी आणि प्रयोगशाळेत काम करणारा एक माणूस उभे होते. प्राणिशास्त्राची नवी पदवीधर तुळसी कान देऊन ऐकू लागली.

“गुरुमूर्ती, विशालाक्षीला जाऊन उद्या वर्ष होईल. ऑपरेशनात काढलेली तिची गाठ अजून तुझ्याकडे आहे म्हणे?”

“गाठ नाही, अक्का, तिच्यातल्या पेशी. सुट्या केल्या, यंत्रात गरगर फिरवल्या, तळाशी बसल्या त्या बाटलीत ठेवल्या.”

“मेलेल्याच ना?”

“जिवंत आहेत. सकाळीच सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या. एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार.”

“खातात काय?”

“वासराच्या रक्तावरचं निवळ पाणी. दर तीन दिवसांनी मीच घालतो.”

“अय्यो! माझी पोर कांद्यालासुद्धा शिवत नव्हती रे.”

“आता आवडीने खाते, अक्का.”

“उद्या तिचा भाऊ श्राद्धाला बसणार. जिवंत माणसाला पिंड कसा द्यायचा? आजपासून खायला घालू नकोस. सुटू दे तिला.”

“माझी बाटली टाकून देईन. पण एक मुंबईला गेली, दोन दिल्लीला.”

म्हातारीने पदर अंगाभोवती ओढून घेतला.

“दिल्लीला थंडी असेल ना?”

“उबेच्या पेटीत ठेवतात.”

“तिथे तिला कोण वाढतं?”

“असेल कोणीतरी.”

“त्यांना पत्र टाक. वेळेवर वाढा म्हणावं. आणि तूही विसरू नकोस.”

“मग उद्याचं श्राद्ध, अक्का?”

“कुणाचं रे?”