दारातली पांढरी सावनी

टाळ जरा खाली ठेवा, मंडळी. पेटीवाले, तुम्हीही दम खा. आज आधी प्रश्न, मग कथा.

राग वाईट, असं आम्ही बुवा लोक तुम्हाला इतकी वर्षं सांगत आलो. तुम्ही माना डोलावल्या, प्रसाद घेतला, घरी गेलात. पण एक कुणी विचारलं नाही. माणसाला राग येतो एकाचा, आणि तो काढतो दुसऱ्यावर. कारखान्यात मालक बोलला की घरी येऊन आमटीला नावं ठेवतो. त्याला काय म्हणायचं? राग म्हणायचं, का भित्रेपणा? सांगू नका आत्ताच. ऐका.

इचलकरंजीत विणकरांची एक वसाहत. तिथं रंगनाथराव हावळ नावाचे गृहस्थ राहायचे. यंत्रमागाच्या कारखान्यात चाळीस वर्षं जॉबर. म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. कान असा तयार, की मागाच्या नुसत्या आवाजावरनं कुठला भाग ढिला झालाय ते ओळखायचा. पण माणसांपुढं तोंड उघडायचं म्हटलं की संपलं! मालक म्हणाला दिवस, की दिवस. रात्र, की रात्र. पत्नी नऊ वर्षांपूर्वी वारलेली. आणि दोन वर्षांपूर्वी एकुलता एक मुलगा महेंद्र, छत्तीस वर्षांचा, काविळीनं गेला.

घरात राहिले दोघं. सासरा आणि सून. सुनेचं नाव वैजयंता.

महेंद्र गेल्यावर वैजयंतानं कोल्हापूर रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेत काम धरलं. कलमं करायची, पिशव्या भरायच्या, गिऱ्हाईक आलं की झाड समजावून सांगायचं. तिथं सावनीची रोपं होती. तुम्ही तामण बघितली असेल, तिच्याच जातीतलं हे धाकटं झाड. माणसाच्या उंचीच्या जरा वर जातं, आणि उन्हाळ्यापासून पावसाळा सरेपर्यंत फुलांचे घोस. गुलाबी आणि जांभळ्या सावनीला गिऱ्हाईक रांग लावायचं. पांढरीला हात कोणी लावायचं नाही. "दुसरा रंग नाही का हो?" म्हणायचे आणि पुढं जायचे.

वैजयंतानं त्या पांढरीच्याच काड्या लावल्या, जगवल्या, आणि तीन रोपं घरी आणली. कुंपणाच्या कडेला, भरपूर ऊन लागतं तिथं खड्डे घेतले. पाणी तुंबू नये म्हणून खाली विटांचे तुकडे घातले. दोन रोपांत चांगलं पाच-सहा फुटांचं अंतर ठेवलं.

रंगनाथरावांनी विचारलं, "वैजू, पांढरीच का आणलीस?"

"मला आवडली, मामा."

सासऱ्याला ती मामा म्हणायची. एवढंच उत्तर. आणि मंडळी, एवढं पुरेसं नाही का? बाईला एखादी गोष्ट आवडली, याला आणखी कारण लागतं का?

दुसऱ्या उन्हाळ्यात झाडं फुलली. चुण्या पडलेल्या पाकळ्या, कडा कातरलेल्या. रंगनाथरावांनी एक फूल बोटांत धरलं आणि कितीतरी दिवसांनी हसले. "अगं, हे तर आमचं क्रेपचं कापड. असलं विणायला आम्हाला घाम फुटायचा." मग रोज सकाळी खुर्ची टाकून तिथंच पेपर वाचायला लागले. पानावर पाणी मारायचं नाही, बुरशी धरते. पाणी बुडाशी द्यायचं. हे सगळं सुनेनं शिकवलं आणि सासरा शिकला. बरं चाललं होतं.

आता दुसरा माणूस आला कथेत. बापूसाहेब मगदूम. वसाहतीचे अध्यक्ष, आणि तिथल्या महादेवाच्या देवळाचे विश्वस्त. देवळाच्या फरशीवर नाव, घंटेवर नाव, पंख्याच्या पात्यावरसुद्धा नाव. पंखा फिरला की तेवढं वाचता येत नाही, हीच काय ती देवाची कृपा.

बापूसाहेबांच्या मुलीचं लग्न ठरलं. अश्विनी तिचं नाव. वैशाखातला मुहूर्त. आठ दिवस आधी बापूसाहेब सकाळी कुंपणापाशी आले. वैजयंता कामावर गेलेली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि हळूच रंगनाथरावांच्या कानाशी लागले.

"रंगनाथराव, वरात याच रस्त्यानं जाणार. दारात हे पांढरं बरं दिसत नाही. आणि तुमच्या घरात एक आहेच की. तेवढं पुरे झालं नाही का?"

ऐकलंत? जिचा नवरा गेला, तिच्याबद्दल हा माणूस म्हणाला, घरात एक पांढरं आहेच.

रंगनाथरावांच्या कानशिलात आग पेटली. आता तुम्हाला वाटेल, धरली असेल गचांडी. नाही! ते म्हणाले, "होय, बघतो."

बापूसाहेब गेले. रंगनाथराव आत गेले, कोयता घेऊन आले, आणि तिन्ही झाडं गुडघ्याएवढी ठेवून छाटून टाकली. फुलांसकट. घाव घालत होते आणि दात खात होते. राग कुणाचा? मगदुमाचा. घाव कुणावर? झाडावर. का? झाड उलट बोलत नाही म्हणून. झाड अध्यक्ष नाही म्हणून.

संध्याकाळी सहाला वैजयंता आली. फाटकातच थांबली. फांद्यांचा ढीग कुंपणाशी पडलेला, फुलं उन्हानं सुकलेली.

"कुणी केलं?"

"मी."

"का, मामा?"

रंगनाथराव खाली पडलेल्या फांद्या गोळा करायला लागले.

"वरात याच रस्त्यानं जायची. मगदूम आले होते?"

त्यांनी मान हलवली. आणि काय बोलले होते तेही सांगून टाकलं.

वैजयंता रडली नाही. तिनं पिशवी पायरीवर ठेवली आणि समोर उभी राहिली. "सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली. तुम्ही रोज पांढरा सदरा घालता, पांढरं धोतर नेसता. लग्नाला गेलात की तुम्हाला पुढच्या खुर्चीवर बसवतात. तुमच्या अक्षता चालतात. नवरानवरी तुमच्या पाया पडतात. तुमची बायको गेली, माझा नवरा गेला. फरक काय, तेवढा मला सांगा."

मंडळी, सांगा फरक. मी थांबतो. पुढच्या रांगेतल्यांनी सांगितला तरी चालेल.

नाही ना सांगता येत?

"मगदूम काय बोलले त्याचं मला नवल नाही," ती म्हणाली. "तुम्ही ऐकलंत, त्याचं आहे."

मग तिनं कात्री आणली. कोयत्यानं साल फाटली होती, दांडे चेचले होते. ते सगळे तिनं तिरपे, नीट कापून घेतले. काम करता करता पाठमोरीच म्हणाली, "मरणार नाहीत ही. सावनीला नव्या फुटीवरच फूल येतं. पण असं तोडलं की फूट काटकुळी येते. फुलांचं वजन पेलत नाही. छाटायची ती थंडी सरताना, आणि तीसुद्धा पेन्सिलीएवढी बारीक काडी. हे तुम्हाला शिकवलं होतं मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगनाथराव निघाले मगदुमांकडं. आज सांगतोच, म्हणाले. दारात मांडव घालत होते, पाहुणे बसले होते. बापूसाहेब म्हणाले, "या या, रंगनाथराव! झाडांचं काम झटक्यात केलंत. अरे, चहा आणा." आणि आपला हा गृहस्थ काय करतो? चहा प्यायला. बशीत ओतून, फुंकर मारून प्यायला, आणि घरी आला. लग्नातही गेला, अक्षता टाकल्या, जेवून आला. वैजयंता गेली नाही. तिला येऊन कुणी बोलावलंच नव्हतं. पत्रिकेवर मात्र सहकुटुंब लिहिलं होतं हं, ठळक अक्षरात.

तुम्हाला राग येतोय ना त्याचा? येऊ दे. मलाही येतो. पण त्या मांडवात वसाहतीतली सगळी माणसं जेवली. वैजयंता कुठं आहे, हे कुणी विचारलं? तुम्ही असता तर विचारलं असतं?

पावसाळा लागला. खुंटांना तांबूस फुटवे आले, एकेका खुंटाला वीस-वीस. वैजयंतानं चार-पाच दमदार ठेवले, बाकीचे काढले. पण ते ठेवलेलेही सळसळ वाढले आणि लोळायला लागले. रंगनाथराव रोज बांबू रोवायचे, सुतळीनं फांदी बांधायचे. पाऊस आला की सुटायची, पुन्हा बांधायचे. सून जेवायला वाढायची, पण बोलायची कामापुरतं. महिनाभर. दोन महिने. रोज बांधताना त्यांना तो चहा आठवायचा.

श्रावण आला आणि सावनी फुलली. घोस इतके, की बांबूसकट फांद्या रस्त्यावर वाकल्या.

दुसऱ्या सोमवारी सकाळी फाटकात एक मुलगी. हातात परडी. मगदुमांची अश्विनी, पहिल्या श्रावणाला माहेरी आलेली.

"काका, बाबांनी पाठवलंय. देवळात आज मोठी पूजा आहे. महादेवाला पांढरी फुलं पाहिजेत, बाजारात मिळाली नाहीत."

बघा गंमत. महादेवाला पांढरं चालतं. मगदुमांना चालत नाही. आणि मगदूम महादेवाचे विश्वस्त!

रंगनाथराव उठले. "बाबांना सांग, फुलं पाहिजेत तर स्वतः या. जिनं लावलीत तिच्याकडं मागा." आवाज चढला नव्हता, पण पोरगी मागं सरली. गेली. अर्धा तास झाला, तासभर झाला, बापूसाहेब काही आले नाहीत.

वैजयंता दारातनं सगळं बघत होती. तिनं पदर खोचला आणि स्वतःच घरची परडी भरून फुलं तोडली. म्हणाली, "देव काय मगदुमांचा आहे? मी नेते."

"थांब," रंगनाथराव म्हणाले. "मी येतो बरोबर."

देऊळ भरलेलं. चाळीस-पन्नास माणसं. वैजयंता परडी घेऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत गेली. पुजाऱ्यानं हात पुढं केला आणि मध्येच थांबून बापूसाहेबांकडं बघितलं. बापूसाहेब गोड आवाजात म्हणाले, "ताई, ठेवा तिथं बाहेर. आम्ही घेतो आत."

वैजयंता जागची हलली नाही. आणि मागनं रंगनाथराव बोलले.

"बाहेर का?"

बापूसाहेब हसले. "अहो, पूजा चाललीय, रंगनाथराव—"

"आत्ता आमच्यादेखत शेजारच्या जोशीकाकू आत गेल्या. तुमच्या बहीणबाई गेल्या. हिनं बाहेर का? कारण सांगा. वैशाखात माझ्या कानात सांगितलं होतंत, तेच सांगा. पण आता मोठ्यानं सांगा. सगळ्यांना ऐकू द्या."

बापूसाहेबांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. त्यांची मुलगी अश्विनी समोरच उभी होती, बापाकडं बघत. घंटेवर ज्याचं नाव, पंख्यावर ज्याचं नाव, त्याच्या तोंडातनं तेवढं एक वाक्य बाहेर पडेना. कारण ते कानातच बोलायचं वाक्य होतं. उजेडात, बायाबापड्यांच्या तोंडावर, देवापुढं ते बोलायला माणसाची जीभ वळत नाही.

"नाही सांगता येत?" रंगनाथराव म्हणाले. "मला ऐकता आलं होतं. ऐकून मी गप्प बसलो आणि झाडं तोडली. तुमच्याइतकाच दोष माझाही आहे. वैजू, आत जा."

वैजयंतानं उंबरा ओलांडला. पिंडीवर स्वतःच्या हातानं फुलं वाहिली, सगळी. नमस्कार केला आणि बाहेर आली. बापूसाहेब चपला शोधत होते.

सुनेनं सासऱ्याला माफ केलं का, असं विचाराल. मला ठाऊक नाही. घरी जाताना ती एवढंच म्हणाली, "मामा, मधल्या झाडाची फांदी सुटलीय. बांधायला पाहिजे." ते बांधायला गेले, आणि बांबू तिनं धरला.

तेव्हा आता माझा प्रश्न त्या चाळीस-पन्नास माणसांबद्दल आहे. मगदुमांचं सोडा, असा एक प्रत्येक गावात असतो. पण त्या दिवशी देवळात बाकीचे काय करत होते? खाली बघत होते. फरशी बघत होते. चांगली माणसं हो! कुणाचं वाईट न करणारी, आणि वाईट चाललेलं असताना फरशी बघणारी.

मंडळी, आता आरती होईल. ताट तयार आहे. मागं खांबाला टेकून मोकळ्या कपाळाच्या तीन-चार बाया मघापासून उभ्या आहेत. पुढं जागा असून उभ्या आहेत. का उभ्या आहेत, ते तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाही. त्यांना पुढं बोलवा, असं मी सांगणार नाही. मी आरती सुरू करणार नाही, एवढंच. इथं बसून बघतो, ताट घेऊन त्यांच्याकडं कोण जातं.