फरशी ओली पाहिजे

त्या खुर्चीवर नका बसू वकीलसाहेब, तिचा पाय हलतो — दिवाणावर बसा. बूट काढलेत ते बरं केलंत. आणि ती खाली पसरलेली गादी राहू द्या तशीच, आत्ताच उन्हातनं आणलीय. तर काय म्हणत होते मी — हां, समझौता. म्हणजे तुमचा हॉलवाला पैसे देणार, आणि मी या कागदावर सही करायची, की फरशी कोरडी होती नि आजीबाई आपल्या वयानं पडल्या. बिल्कुल नाही. पैशाचं माझा मुलगा श्यामकांत बघेल, ग्राहक कोर्टात तोच गेलाय. मला फरशी ओली पाहिजे. आणि हॉलवाल्यानं मुद्दाम मराठी वकील धाडलाय ना, म्हातारी विरघळेल म्हणून? आपलं नाव दिनकर का? छान आहे. पण नाही विरघळत.

ऐका. गेल्या श्रावणात आमच्या नीलाची, नातीची, पहिली मंगळागौर. आता आर. के. पुरमच्या क्वार्टरात एवढ्या बायका नाचणार कुठं — दोघी फिरल्या की तिसरी फ्रीजमध्ये. म्हणून नोएडाला तुमचा हॉल घेतला. तिथं सरबत सांडलं, तुमच्या माणसानं साबणाचं पोतेरं फिरवलं नि गेला निघून — ना पाटी, ना कुणी सांगायला उभं. मी आपली चालत होते, आणि — काय? बरं, चालत नव्हते. फुगडी घालत होते. कुमुदबरोबर. कुमुद म्हणजे नीलाची आजेसासू, माझ्याच वयाची, पण केस रंगवते. पाय सरकला, ती पडली बायकांच्या मांडीत नि मी पडले हातावर. मनगटाचं हाड असं वाजलं, की मला वाटलं बांगडी फुटली.

वय, वय. तुम्हीपण तेच. कुमुदनं तेच पसरवलंय — आणि ती पडली ती काय सोळा वर्षांची होती? आता इथल्या मराठी मंडळाच्या बायकांनी ठरवलंय, यंदा मंगळागौरीच्या खेळांच्या स्पर्धेत आजींना खुर्ची द्यायची, मार्क द्यायला. जज. अहो, एकदा खुर्चीत बसवलं ना, की मग शाल, मग नारळ, मग भिंतीवर फोटो — मला ठाऊक नाही का? आणि कुमुद मात्र खेळणार. म्हणून कोर्टानं एकदा म्हणावं, फरशी ओली होती. फरशी ओली, तर मी म्हातारी नाही. इतकं सोपं आहे. श्यामकांतला नका सांगू हं हे, त्याला वाटतं मला न्याय हवाय.

आणि हेही नका सांगू — प्लास्टर निघाल्यापासून मी रोज दुपारी सराव करते, सून ऑफिसला गेली की. कुणाबरोबर म्हणजे? शेजारच्या पंजाबीणीबरोबर. ती त्यांच्याकडचा गिद्धा नाच समजून घालते, पण पकड चांगली आहे. खोटं वाटतं? मग उठा. उठा हो, साक्षीदाराला तपासता ना तुम्ही, मग तपासा. तुम्ही तिकडं, गादीच्या बाजूला. हात असे तिरके धरा, पाय जुळवा, मागं झुका — लाजताय काय, आईबरोबर घातली नाहीत का कधी? घट्ट धरा. हां, फिरा. अच्छा, जमतंय की. आणखी जोरात, आणखी —

लागलं का? नाही ना, गादीवरच पडलात. फरशी? कोरडी आहे, लावा हात. किती म्हणालात, बेचाळीस? झालं मग वय, काय करणार. आं? पांढरं? ते होय. कॅरमची पावडर. मी कशाला टाकेन — टाकली थोडी, तुमच्या बाजूला. अहो, रागावता काय, गादीपण मीच घातली ना. काय म्हणालात? पुन्हा म्हणा, मला जरा कमी ऐकू येतं. “निदान सांगायचं तरी, माणूस पडेल नाहीतर काय” — असंच म्हणालात ना?

हां. हेच लिहा, तुमच्या अक्षरात, खाली हॉलवाल्याची सही आणा, मग मी करते समझौता. कागद घ्या तो, तसाच नका टाकून जाऊ. चहा? चहा नाही मिळायचा, दूध नासलंय. चला, या आता. आणि जिना जपून उतरा, आत्ताच पुसलाय.

बघा, सांगितलं की नाही मी?