दोन हजार डॉलरचं ‘नको’

...आणि त्या माणसानं वडी उचलली! पहिल्याच खेपेला! आमच्या आर्डिसनं नुसती बशी पुढं केली, ‘घ्या ना’ म्हणाली, आणि यानं घेतली! तुम्हाला सांगतो, एकावन्न वर्षांच्या संसारात मी बायकोचा असा चेहरा पाहिला नव्हता. तुम्हीच सांगा, आमच्या मिनेसोटात पहिल्यांदा विचारल्यावर कुणी खातं का? पहिल्यांदा ‘नको नको, आत्ताच जेवलो’, दुसऱ्यांदा ‘कशाला उगाच’, आणि तिसऱ्यांदा ‘बरं, अर्धीच हं!’ अशी रीत असते माणसाची! तक्रार नाही हं करत मी. आमच्याकडं तक्रार करत नाहीत. आपलं सांगतोय.

आता हा वडीवाला कोण? विनी! न्यू जर्सीहून तीन महिन्यांपूर्वी आमच्या गावात आलेला, घरं गरम-गार करायची यंत्रं विकणारा. तो आमच्याकडं का आला? तळघरातली घर तापवायची भट्टी बंद पडली म्हणून. कधी पडली? जानेवारीत! बाहेर उणे अठ्ठावीस! नळातलं पाणी गोठायची वेळ, आणि ही बया चाळीस वर्षं धडधडून एका सकाळी ‘खॅक’ करते आणि गप्प! आर्डिस स्वयंपाकघरात, अंगात कोट, त्यावर माझा कोट, ओव्हनचं दार उघडून त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसलेली. म्हटलं, ‘बरी आहेस ना गं?’ तर दात वाजवत म्हणते, ‘का-का-काही वाईट नाही.’

विनी तळघरात गेला, वर आला, टोपी काढली. टोपी काढल्यावर मी समजलोच.

‘काका, गेली.’

‘काहीच आशा नाही?’

‘आतली पेटी तडकलीय. पेटवलीत तर विषारी वायू घरभर. आणि बाहेरचा एसी तिच्याच वयाचा, तो काही उन्हाळा काढत नाही. दोन्ही एकदम बदला. सोळा हजार चारशे.’

सोळा हजार चारशे!! अहो, हे अख्खं घर मी एकवीस हजाराला घेतलंय! छपरासकट! चौतीस वर्षं शाळेची बस चालवली मी, त्यातून बाजूला पडलेले किती, तर सोळा हजार सहाशे. आणि त्यातच आर्डिसचं अ‍ॅरिझोना होतं हो! तिची बहीण राहते तिथं. फेब्रुवारीत दोन आठवडे जायचं, उन्हात बसायचं, असं ती नऊ वर्षं म्हणतेय. उन्हाळी टोपीसुद्धा घेऊन ठेवलीय तिनं. मग मी काय केलं? चिडलो! तोंडाला येईल ते बोललो! म्हणालो, ‘हं... आकडा जरा वेगळाच आहे.’

आमच्या गावात याहून मोठी शिवी नाही. कुणाचं जेवण करपलं, कुणाच्या बाळाचं नाक फारच मोठं असलं, की आम्ही म्हणतो, ‘वेगळंच आहे हं!’ समोरचा महिनाभर बोलत नाही. आणि विनी? ‘थँक्यू काका!’ म्हणाला आणि दुसरी वडी घेतली.

तक्रार नाही हं, आपलं सांगतोय.

पण माणूस मनाचा चांगला. त्यानं आर्डिसकडं पाहिलं, ते दोन कोट पाहिले, आणि म्हणाला, ‘काका, तुमच्यासाठी दोन हजार कमी करतो. चौदा चारशे!’

अहो, माझा जीव भांड्यात पडला! अ‍ॅरिझोना दिसायला लागलं! आणि मी काय म्हणालो?

‘छे छे छे! नको नको! कशाला? तुम्हालाही पोट आहे!’

म्हणणारच! पहिला नकार तो! आता त्यानं म्हणायचं, ‘असं कसं काका’, मग मी म्हणायचं, ‘बरं नाही वाटत’, मग त्यानं तिसऱ्यांदा, आणि मग मी मान खाली घालून, ‘तुम्ही एवढं म्हणताय तर...’ मी तयारीत! मान अर्धी खाली घातलीसुद्धा!

विनी म्हणाला, ‘ओके!’

ओके!! आणि कागदावर सोळा हजार चारशे लिहिले! टेबलाखालून आर्डिसनं लाथ घातली, ती विनीला लागली, तो म्हणतो, ‘सॉरी काकू!’

मग मी सुचवायला लागलो. ‘पेन्शन काय हो, आहे आपली...’ ‘खरंय काका!’ ‘हिची बहीण अ‍ॅरिझोनात असते, तिकिटं म्हणे फार...’ ‘मस्त जागा, जाऊन या!’ म्हटलं, दारात गाठू. आमच्याकडं पाहुणा उठतो, गुडघ्यावर थाप मारतो, ‘चला, निघतो’ म्हणतो, आणि तिथून गाडीपर्यंत जायला तास लागतो. तासाभरात दोनदा तरी विचारेल! पण हा ‘बाय!’ म्हणाला आणि गेला. माझा दुसरा बूट पायात शिरायच्या आत गाडी कोपऱ्यावर!

दोन दिवसांत नवी भट्टी बसवून झाली. झकास आहे, आवाज नाही, घर ऊबदार. आर्डिसनं टोपी कपाटात वर ठेवून दिली. खरं सांगू, तेच मला फार लागलं. म्हटलं, ‘फोन करून मागू का?’ ती म्हणाली, ‘मागणार? तोंडानं?’ तेही खरंच.

मग तिनंच माझी शिकवणी लावली. रोज संध्याकाळी! ती बशी घेऊन समोर. ‘नॉर्वल, वडी घेणार?’ ‘नको न...’ ‘चूक! पुन्हा! त्याचा फोन आला आणि त्यानं पुन्हा विचारलं, तर काय म्हणायचं?’ ‘हो.’ ‘मोठ्यानं!’ ‘हो!’ पाच दिवसांत साडेचार पौंड वजन वाढलं माझं, पण ‘हो’ असं बसलं जिभेवर!

आणि सहाव्या दिवशी फोन! विनी! मी आर्डिसला खूण केली, ती धावत आली, माझा हात घट्ट धरला.

‘काका, भट्टी कशी आहे? मी काय म्हणत होतो, तुमच्यासाठी एक—’

‘हो!’

‘अहो, ऐकून तर घ्या—’

‘हो! हो!’

‘वा! तुमच्यासारखं गिऱ्हाईक नाही बघा! कागद पाठवतो!’

आर्डिस टाळ्या पिटत होती. टोपी काढायला खुर्चीवरसुद्धा चढली. दुसऱ्या दिवशी कागद आला. दहा वर्षांच्या देखभालीचा करार. बाराशे डॉलर. आगाऊ. म्हणजे उरलेले दोनशे आणि वर पेन्शनचे हजार!

आता शब्द फिरवणार कसा? आमच्याकडं फिरवत नाहीत. मी कागद आर्डिसपुढं सरकवला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, खाली मान घालून. आर्डिसनं कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि इतकी हसली हो, इतकी हसली, की अंगातला स्वेटर काढावा लागला. मग डोळे पुसून म्हणाली, ‘दहा वर्षं ना? म्हणजे अ‍ॅरिझोनाला घाई नाही. पण नॉर्वल, पैसे आगाऊ भरतोय. आता चौऱ्याऐंशीपर्यंत मरायचं नाही!’

मी म्हणालो, ‘हो.’