एकटीला उचलेल अशी होडी

कुसाबाई : माझं नाव रंगवून ठेवलंस होय रे तिच्यावर? मला न विचारता?

शेखर : सरप्राईज होतं, आई. म्हणून तर न सांगता होडीच्या कारखान्यात आणलं तुला. बघ ना, निळ्यावर पांढरं. आपली जुनी पत्र्याची बघ, डांबर लावून लावून तिच्यात पत्रा उरलाय का आता?

कुसाबाई : तिला नावं ठेवू नको. तिच्यावर वाढलास.

शेखर : म्हणूनच तर नवी घेतोय. फायबरची. चौघं बसतील, मागं इंजिन लागेल, मधे बर्फाची मोठी पेटी. धरणावरच्या सगळ्यांनी तोंडात बोटं घातली पाहिजेत.

कुसाबाई : चौघं कोण? मी जाते एकटी. महेबूबभाई, गाडी बंद करा नि इकडं या. इतकी वर्षं माझी होडी तुमच्या मालरिक्षातनं धरणावर जाते-येते. ही मावंल का, सांगा.

महेबूब : वहिनी, मेरे को बीच में मत डालो. पोरगा माझ्यासमोर लहानाचा मोठा झाला.

कुसाबाई : मावंल का?

महेबूब : आडवी नाय, उभी नाय. अर्धी बाहेर लटकंल. दिंडोरी रोडचा पोलीस पहिला मलाच सलाम करंल.

शेखर : चाचा, रिक्षा लागणारच नाही. टेम्पो सांगितलाय. आणि रोज न्यायची-आणायची कशाला? धरणाजवळ तो द्राक्षाचा मळा आहे, त्यांच्या शेडमध्ये ठेवू. मालक हो म्हणालाय.

कुसाबाई : फवारणीची शेड हाय ती. जागा नाय म्हणून उद्या गडी औषधाचे ड्रम होडीत ठेवतील, नि परवा मी त्यातच मासे टाकायचे?

शेखर : धुऊन घ्यायची, आई.

कुसाबाई : आणि ते मासे तुझ्या लेकीच्या, आरोहीच्या ताटात वाढशील?

शेखर : बरं, शेड राहू दे. आपल्या दाराशी ठेवू.

कुसाबाई : दाराशी येते का ती? गिरणीचा कोपरा मोजलास?

शेखर : टेम्पो मोजला.

कुसाबाई : टेम्पो मोजला! ओझरला विमानं जोडतोस ना रे तू? नि ज्या गल्लीत जन्मलास, तिचं वळण मोजायचं राहिलं?

महेबूब : त्या वळणावर माझी रिक्षासुद्धा दोनतीनदा मागंपुढं करावी लागते, बेटा.

शेखर : पूजेसाठीच म्हणतेस ना? पूजा धरणावर करू.

कुसाबाई : आपल्यात नवी होडी आधी उंबऱ्याला येते. घरची बाई तिच्यावर पाणी घालते, कुंकू लावते, ओवाळते. मग ती पाण्याला जाते. ठाऊक हाय ना तुला?

शेखर : आहे.

कुसाबाई : ठाऊक असून ही पसंत केलीस. धर बरं ती बाजू. धर म्हणते. उचल.

शेखर : हं... जड आहे जरा.

कुसाबाई : जरा? माझ्या बाजूनं ती जागची हलली नाय. पाण्यात ढकलणार कोण? परत काठावर ओढणार कोण?

शेखर : असेल ना कोणीतरी सोबतीला.

महेबूब : वाल्मीक है ना. परवा टपरीवर सगळ्यांना सांगत होता, आता काकूची होडी मी चालवणार, काकू घरी आराम करणार. मला वाटलं, वहिनींनीच... या अल्ला. मी जातो, रिक्षात बसतो.

कुसाबाई : बसू नका. हितंच उभे रहा. शेखर, वाल्मीक माझ्या दिराचा पोरगा, मला काही परका नाय. पण टपरीला जे कळलं ते मला कळू नये?

शेखर : सांगणारच होतो.

कुसाबाई : कधी? काठावर उभं करून मला हात हलवायला लावल्यावर?

शेखर : आई, लोक बघतायत. हळू.

कुसाबाई : हळूच बोलते हाय. जन्मभर हळूच बोलले, म्हणून तुम्हाला वाटतं हिला राग येत नाय. एकादशीला मी जाळं टाकत नाय. वाल्मीक टाकंल. माझं नाव रंगवलेल्या होडीतनं टाकंल!

शेखर : त्याला सांगू, एकादशी पाळ म्हणून.

कुसाबाई : दुसऱ्याच्या गळ्यात नेम बांधता येतो होय रे?

शेखर : मग मी काय करू? तो वारा सुटला त्या दिवशी तू धरणाच्या मधोमध होतीस. मी काठानं नुसता पळत होतो. फोन लागेना. होडी दिसायची आणि नाहीशी व्हायची. शेवटी वर आलीस आणि काय म्हणालीस? चिलापी मासळी चांगली लागली आज! चिलापी!

महेबूब : रडत होता हा, वहिनी.

शेखर : चाचा!

कुसाबाई : मग तवाच बोलायचं. तोंडावर म्हणायचं, आई, जाऊ नको. पण मला उचलायची नाय अशी होडी हुडकायची, तिच्यावर माझंच नाव घालायचं, नि वर तुझी हौस केली म्हणायचं? कुठं शिकलास हे?

शेखर : तोंडावर म्हटलं असतं तर तू गेलीच असतीस.

कुसाबाई : गेले असते. पण तुला सांगून गेले असते. शेखर, वल्हं हातात आलं की माझं नाम आपसूक सुरू होतं रे. देवळात, त्या रेटारेटीत, मला ते नाय जमत. तेवढं एक माझं हाय. तेच काढून घेऊन मला घरात बसवणार होतास.

महेबूब : वहिनी, ती भिंतीला टेकवलेली बघा. पिवळी, छोटी.

शेखर : ती एकट्याची आहे, चाचा. एक पेटी ठेवली की पाय दुमडून बसावं लागेल.

कुसाबाई : टोपलीत मावतात तेवढेच मासे मी बाजारात नेते. जास्त धरून नासवू? जिन्याखाली उभी राहील का हो ही?

महेबूब : आरामात. माझ्या रिक्षात पण.

शेखर : हलकी आहे, आई. वाऱ्याला टिकायची नाही.

कुसाबाई : म्हणून वारा दिसला की मी काठावर असंन. पाण्यात जाताना तुला फोन करीन, वर आले की करीन. हा नवा नेम घेतला. माझे नेम मी मोडत नाय, हे सांग जा टपरीवर.

शेखर : रोज करशील?

कुसाबाई : रोज. कामावर असलास तरी उचलायचा.

शेखर : आणि लाइफ जॅकेट घालायचं. साडीवरून.

कुसाबाई : ते भडक नारिंगी?

महेबूब : भडक नसंल तर दिसणार कसं, वहिनी?

कुसाबाई : घालीन. सरक आता.

शेखर : आणि या मोठीवरचं नाव?

कुसाबाई : पुसायला सांग. वाल्मीकला पाहिजे तर त्यानं घ्यावी, त्याच्या नावानं.

(कुसाबाई पिवळी होडी पालथी करून डोक्यावर घेतात आणि रिक्षाकडे निघतात.)

शेखर : थांब, आई, मागून धरतो.

कुसाबाई : हात लावू नको.

महेबूब : जरा संभाळून, अंगणात खड्डे आहेत!

कुसाबाई : होडीखालनं मला पायापुढचं तेवढंच दिसतं. शेखर, तू पुढं हो.

शेखर : झालो. चल.

कुसाबाई : लांब ढांगा टाकू नको. तुझे पाय दिसत राहिले पाहिजेत मला.